‘फँड्री’, ‘लंगड्या’ आणि सेन्सॉरची कात्री

चित्रपटातील नायिकेचे नाव ‘जानकी’ असावे की नसावे, हा प्रश्न २०२५ च्या जून-जुलैमध्ये थेट केरळ उच्च न्यायालयापुढे गेला. लैंगिक अत्याचाराला बळी पडून न्यायासाठी झगडणाऱ्या स्त्रीला सीतेचे नाव देणे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाला, म्हणजेच नेहमीच्या भाषेतील सेन्सॉर बोर्डाला, रुचले नव्हते. न्यायमूर्तींनी स्वतः चित्रपट पाहिला. अखेर शीर्षकातील नावाला ‘व्ही’ हे आद्याक्षर जोडायचे आणि उलटतपासणीच्या प्रसंगातील नावाचा उच्चार मूक करायचा, अशी तडजोड होऊन हा मल्याळी चित्रपट १७ जुलैला पडद्यावर आला. ज्या नावाच्या स्त्रिया देशभर घराघरांत आहेत, ते नाव पडद्यावरील पीडितेला मात्र वर्ज्य ठरले.

नाव सोवळे असते किंवा ओवळे असते, ही मंडळाची समजूत आहे. मुळात तेथेच गफलत होते. नाव किंवा टोपणनाव सन्मानाचे की अपमानाचे, हे शब्दावरून ठरत नाही. कोण कोणाला हाक मारतो आणि ती तोंडावर मारतो की पाठीमागे, यावरून ते ठरते. याचा उत्तम पुरावा गेल्या दशकातील मराठी चित्रपटांनीच दिला आहे.

मराठीत नावाला ‘या’ लावण्याची जुनी रीत आहे. मित्रामित्रांत रवीचा रव्या आणि गणेशचा गण्या होतो, त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु गावगाड्यात हाच ‘या’ उतरंड दाखवीत असे. एकच गोविंद एका आळीत गोविंदपंत, दुसऱ्या आळीत गोविंदराव आणि वेशीबाहेर गोंद्या होई. वेशीबाहेरच्या माणसाचे वय साठ असले, तरी पाटलाच्या घरचे पोर त्याला ‘अरे गोंद्या’ म्हणूनच हाक मारी.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा नायक जब्या आहे. त्याचे कागदोपत्री नाव जांबुवंत कचरू माने. जांबुवंत हे रामायणातले भारदस्त नाव. पण गावाने ते कधी पूर्ण उच्चारल्याचे दिसत नाही. बापाचे नाव कचरू. मूल जगत नसेल, तर पुढच्या अपत्याचे नाव कचरू, दगडू, धोंडू ठेवावे, म्हणजे काळाचीही नजर त्याच्यावर पडणार नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत. तेव्हा ‘कचरू’ या नावात तुच्छतेइतकीच आईबापांची धास्तीही दडलेली असते. आणि ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्याच्या घरात हा साधा, रोजच्या वापरातला शब्द. शेवटच्या प्रसंगात शाळेजवळ, वर्गातल्या शालूच्या देखत, डुक्कर धरायची वेळ जब्यावर येते. त्या वेळी गावातली टवाळ पोरे त्याच्याच भाषेतला हा शब्द त्याच्या अंगावर फेकतात. शब्द तोच राहतो, तोंड बदलते आणि त्याची शिवी होते. दिग्दर्शकाने हीच शिवी चित्रपटाला नाव म्हणून दिली. ती ‘असभ्य’ म्हणून गाळली असती, तर चित्रपटच उरला नसता.

‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्याच्या सहाच आठवडे आधी रवी जाधव यांचा ‘टाइमपास’ आला होता. त्यातही टोपणनावे भरपूर आहेत. रिक्षाचालकाचा मुलगा दगडू परब हा प्राजक्ताच्या वडिलांना, माधव लेले यांना, ‘शाकाल’ म्हणतो. १९८० च्या ‘शान’मधल्या तुळतुळीत डोक्याच्या खलनायकाचे हे नाव. प्रेक्षक त्यावर पोट धरून हसले आणि लेल्यांचा अवमान झाला, अशी ओरड कोणी केली नाही. कारण उघड आहे. खालच्याने वरच्याला ठेवलेले नाव कुजबुजत, पाठीमागे घेतले जाते. त्याने लेल्यांचे घर, नोकरी, गावातले स्थान यांतले काहीच हलत नाही. वरच्याने खालच्याला ठेवलेले नाव मात्र चारचौघांत, तोंडावर घेतले जाते आणि ते जन्मभर चिकटते. दोन्ही टोपणनावेच, पण एकाच तराजूत तोलण्याजोगी नाहीत.

दोन वर्षांनी आलेल्या ‘सैराट’मध्ये हा तपशील आणखी बोलका आहे. प्रशांत काळेचा परश्या होतो, सलीम शेखचा सल्या होतो. पाटलांच्या मुलीला ‘आर्ची’ असे नव्या वळणाचे लाडके नाव आणि तिच्या भावाचे नाव तर चक्क ‘प्रिन्स’. वर्गात मोबाइलवर बोलणाऱ्या या प्रिन्सला प्राध्यापक हटकतात, तेव्हा तो त्यांच्या कानशिलात लगावतो. साखरपट्ट्यातील सत्तेचे वर्णन करायला त्या एका इंग्रजी नावाइतके नेमके दुसरे काही सापडले नसते. गमतीचा भाग असा, की ‘फँड्री’तला जब्याचा सोबती पिऱ्या आणि ‘सैराट’मधला प्रिन्स या दोन्ही भूमिका सूरज पवार या एकाच अभिनेत्याने केल्या आहेत.

ही नावे काढून टाकली की काय होते, ते २०१८ च्या ‘धडक’ने दाखवले. ‘सैराट’चा हा हिंदी अवतार उदयपूरला गेला, परश्याचा मधुकर बागला झाला, आर्चीची पार्थवी सिंह झाली. नावे गुळगुळीत, सुबक. परंतु ही दोघे पळून का गेली आणि त्यांच्या जिवावर कोणी का उठावे, हे त्या नावांतून कळेनासे झाले. जातीची गोष्ट श्रीमंत-गरिबांच्या प्रेमकथेच्या जवळ जाऊन थांबली.

‘सैराट’मधल्या प्रदीप बनसोडेचा उल्लेख येथे टाळता येत नाही. मित्र त्याला ‘लंगड्या’ म्हणतात आणि ही भूमिका करणारे तानाजी गालगुंडे यांच्या पायांत खरोखरच व्यंग आहे. आज हे नाव ठेवावे का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. व्यंगावरून हाक मारण्याची आपली सवय काही फार अभिमानाची नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटासंबंधीच्या निकालात या प्रश्नाला हात घातला. अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद आणि अपंगांना हिणवणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला आणि शब्दांमागचा हेतू, संदर्भ व एकूण संदेश पाहण्यावर भर दिला. या कसोटीवर ‘लंगड्या’ टिकतो, असे म्हणावे लागेल. तो कथेत केवळ हसण्यापुरता नाही. त्याला स्वतःचे प्रेम आहे, ते फसल्याचे दुःख आहे आणि मित्रासाठी मार खाण्याची तयारी आहे. अर्थात, हेच नाव शाळेच्या मैदानावर एखाद्या मुलाला चिडवण्यासाठी उचलले गेले, तर तेथे चित्रपटाची ढाल पुढे करता येणार नाही.

मंडळाची आणि आक्षेप घेणाऱ्यांची कसोटी मात्र एवढी बारीक नसते. २००९ मध्ये ‘बिल्लू बार्बर’मधला ‘बार्बर’ हा शब्द केशकर्तन व्यावसायिकांच्या संघटनेच्या आक्षेपानंतर काढला गेला आणि चित्रपट नुसता ‘बिल्लू’ म्हणून लागला. त्यांचा राग समजण्यासारखा होता; पिढ्यान्‌पिढ्या व्यवसायाच्या नावाने हिणवले गेलेल्यांना त्या शब्दाचा कंटाळा येणारच. परंतु पडद्यावरचा बिल्लू न्हावीच राहिला आणि त्याची गरिबीही तशीच राहिली.

त्यापेक्षा विचित्र प्रकार २०२५ मध्ये घडला. अनंत महादेवन यांचा ‘फुले’ हा चित्रपट महात्मा फुले यांच्या जयंतीला, ११ एप्रिलला, प्रदर्शित व्हायचा होता. काही ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपांनंतर तो २५ एप्रिलपर्यंत पुढे ढकलला गेला. दरम्यान, संवादांतील ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढावेत, अशी सूचना मंडळाने केल्याचे समोर आले. येथे ही नावे शिवी म्हणून आलेलीच नव्हती. ज्यांच्यासाठी फुले दाम्पत्याने शाळा काढल्या, त्यांची ती नावे होती. फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला होता. त्याचे शीर्षक होते ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’.