मोडलेला कान आणि पहिले तीन दिवस

पैलवान कानावरून ओळखावा, असा आपल्याकडे समज आहे. कानाच्या वळ्या बुजून त्याचा गोळा झाला असला की, माणसाने आखाड्यात वर्षे घातली आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे हा कान मानाचा. हा मान जुना आहे आणि फक्त आपलाच नाही. रोममध्ये १८८५ साली सापडलेल्या, बसलेल्या मुष्टियोद्ध्याच्या प्राचीन ब्राँझ पुतळ्याचेही कान असेच सुजलेले आहेत. तरीही कान मेहनतीने मोडत नाही. मार लागल्यावर व्हायला हवा तो उपचार वेळेत न झाल्याने मोडतो, आणि हे तालमीतल्या प्रत्येक पोराला माहीत असायला हवे.

कान उभा राहतो तो आतल्या कूर्चेमुळे. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला चिकटलेल्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. खडाखडीत मानेवर आदळणारा हात, पट काढताना समोरच्याच्या मांडीवर घासणारा कान, मानेवर ठेवलेला घुटना, यांत हे आवरण सुटते आणि मधल्या पोकळीत रक्त साचते. त्या दिवशी बोटाने दाबले तर कान पाणी भरलेल्या फुग्यासारखा लागतो. साचलेल्या रक्तामुळे आवरण कूर्चेपासून दूरच राहते, कूर्चा उपाशी मरते आणि तिच्या जागी घट्ट तंतू व वेडीवाकडी नवी कूर्चा तयार होते. दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याच्या आत रक्त काढले तर कानाचा आकार बहुधा वाचतो. त्यानंतर गाठ घट्ट होत जाते आणि शस्त्रक्रियेशिवाय उपाय उरत नाही. तीही पहिला कान परत देईलच असे नाही.

‘रक्त काढले तरी परत भरते, मग काढायचे कशाला?’ हा तालमीतला सर्वांत वजनदार आक्षेप. तो अनुभवातून आला आहे आणि अर्धा खराही आहे. सुईने नुसते रक्त ओढून कान तसाच सोडला तर पोकळी राहतेच, आणि संध्याकाळच्या लढतीत ती पुन्हा भरते. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञ रक्त काढल्यावर कानाच्या पुढे-मागे गॉजच्या घट्ट गुंडाळ्या ठेवून त्या आरपार टाक्यांनी बांधतात आणि आठवडाभर दाब टिकवतात. तेवढे दिवस कुस्ती बंद. उपचार फसतो तो बहुतेकदा याच आठवड्यात. तालमीतच सुई टोचून घेणे तर घातक आहे: आत जंतू शिरले तर जिथे रक्तच धड पोचत नाही तिथे औषधही कष्टाने पोचते, आणि कूर्चा नासत जाते.

मार कमी करायचा तर इअरगार्ड हवा. अमेरिकेतल्या विद्यापीठीय मल्लांच्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गार्ड न वापरणाऱ्या ५२ टक्क्यांच्या कानात रक्त साचल्याचे आढळले. वापरणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. म्हणजे गार्ड लावूनही चौघांतला एक सुटत नाही, हे मान्य. पण प्रमाण निम्म्यावर येणे ही थोडी गोष्ट नव्हे. गार्ड सरकतो, गरम होते, ऐकू कमी येते, या तक्रारीही खऱ्या. म्हणून मैदानात तो घालावा की नाही हे जाणत्या पैलवानाने ठरवावे. पण रोजच्या लढतीत, जिथे कान कितीतरी जास्त वेळ घासले जातात, तिथे अडचण कसली? खर्च म्हणाल तर महिन्याच्या दूध-तूप-बदामापुढे तो किरकोळ आहे.

उरतो अभिमान. पंचविशीतल्या पैलवानाला कान तसाच हवा असेल तर तो त्याचा अधिकार. पण तालमीत बारा-तेरा वर्षांची पोरेही राहतात आणि मोठ्यांचे पाहून काही जण मुद्दाम कान चोळून घेतात. पुढे कानाचे भोक अरुंद झाले तर मळ अडकतो, ऐकू कमी येते, म्हातारपणी श्रवणयंत्र नीट बसत नाही. त्या वयात हे त्यांना कोण सांगतो? अठरा वर्षांखालच्यांना सरावात इअरगार्ड सक्तीचा आणि कान फुगला की त्याच दिवशी दवाखाना, हा नियम तालमींनी स्वतःच करावा. सरकारी आदेशाची वाट कशाला, तालमीत वस्तादांचा शब्द अखेरचा असतो. आठवडाभर आखाड्याबाहेर बसावे लागेल या भीतीने पोरगा कान लपवणारच. म्हणून लढत संपल्यावर वस्तादांनीच प्रत्येकाचा कान चिमटीत धरून पाहावा, आणि बाहेर बसलेल्याची जोड त्याच्यासाठी राखून ठेवावी.