खाडा झाला तरच अपघात?

आमच्या वस्तीतल्या बैठकीला येणारी एक बाई हाताला पट्टी बांधून आली. पॉवर प्रेसखाली बोटाचं टोक चेंगरलं होतं, नख गेलं होतं, चार टाके पडले होते. "काही नाही ताई, जरासं लागलं," म्हणाली. मी कारखान्यात गेले. बरीच हुज्जत घातल्यावर नोंदवही दिसली. त्यात एकच ओळ : 'किरकोळ इजा. कारण – कामगाराचा निष्काळजीपणा.'

प्राणघातक, गंभीर, किरकोळ ही वर्गवारी मी एम.एस.डब्ल्यू. करताना पाठ केली होती. ती कुणाच्या सोयीची आहे, हे त्या वहीने शिकवलं.

अपघात सरकारला कळवण्याची मुख्य कसोटी काय? मृत्यू, किंवा जखमी माणूस 48 तास वा अधिक काळ काम करू न शकणं. 1948 च्या कारखाना कायद्यात ती होती, 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तीच आहे. म्हणजे जखम मोजायची ती खाड्यावरून! दुसऱ्याच दिवशी सुपरवायझरने बाईला पॅकिंगला बसवलं. खाडा नाही, म्हणून अपघात नाही. आणि तिलाही खाडा कुठे परवडतो? "घरी बसले तर रोज कोण देणार?"

आता निष्काळजीपणाचं बघू. त्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. हात बाहेर राहावेत म्हणूनच ती सोय. जास्त माल निघावा म्हणून एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. त्याआधी तीनदा तिथे बायकांचे हात थोडक्यात वाचले होते. रक्त आलं नाही, म्हणून नोंद नाही. पाचर मारणारा सावध आणि बोट चेंगरलेली निष्काळजी, हा कुठला न्याय?

'प्रत्येक खरचटणं लिहायचं तर वह्या पुरणार नाहीत,' असं मालक म्हणतात. वर्गवारी आम्हालाही हवी आहे. पण कसोटी बदला. पत्र्याने कापलेल्या बोटाला चार टाके पडतील, प्रेसखालच्या बोटालाही चारच. मात्र दुसऱ्या वेळी अख्खा हात जाऊ शकला असता. तेव्हा किती लागलं एवढंच न बघता काय होऊ शकलं असतं, हेही बघा. थोडक्यात टळलेला अपघात हा अपघातच धरा.

वस्तीत आम्ही आमचीच वही उघडली आहे. काय घडलं? काय घडू शकलं असतं? कोणती सोय काढून टाकली होती? आधी कुणाला सांगितलं होतं? दर महिन्याला ही वही घेऊन आम्ही निरीक्षकांकडे जाणार आहोत. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही अशी वही सुरू करा, आणि 'जरासं लागलं' म्हणणं आधी आपण सोडू या. आमच्या वहीत खाड्याचा रकाना नाही.