आरसी बुकाआधी ब्लॉक वाचा

कणकवली-कुडाळकडे जुनी टाटा 1613 विकायला निघाली की घेणारा आधी टायर बघतो, मग हौद्याचा पत्रा, मग आरसी बुक. गाडी चालू करून धुराचा रंग पाहिला की सौदा ठरतो. इंजिनावरचा नंबर टॉर्च लावून वाचणारे थोडेच. चिरे, वाळू आणि रेडीचं लोहखनिज वाहून झिजलेल्या या गाड्यांची चौकशी खरं तर तिथूनच सुरू व्हायला हवी.

1613 चं नाव मुद्दाम घेतलं. हे मॉडेल दोन इंजिनांत आलं: टाटाचं स्वतःचं 697 आणि जमशेदपूरच्या टाटा कमिन्सचं 6बीटी. त्यामुळे केबिनवरचा बिल्ला बघून पोटातलं इंजिन कळत नाही. 697 चं कूळ जर्मन. टाटाची टेल्को आणि डेमलर-बेंझ यांचा करार 1954 ते 1969 चालला, त्याच परंपरेतलं हे इंजिन. नावातच त्याचं माप आहे: सिलिंडर सहा, प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर. कमिन्सचा 102. एकूण क्षमता मात्र सुमारे 5.7 आणि 5.9 लिटर, म्हणजे ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटावीत. पिस्टन मागवताना फरक कळतो, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात.

टाटाच्या इंजिन नंबरची सुरुवातच 697 ने होते. 6बीटीवर प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र झाकण, म्हणजे हेडवर सहा झाकणं ओळीने दिसतात. त्याची माहितीची पाटी पुढच्या गिअर हाउसिंगच्या डाव्या अंगाला रिव्हेटने ठोकलेली असते. रिव्हेट काढता येतात, त्यामुळे एकट्या पाटीवर भरवसा ठेवू नये. ब्लॉकवर ओतताना उठलेले मोठे आकडेही फसवतात. तो ओतीव भागाचा क्रमांक, हजारो ब्लॉकवर तोच असतो. इंजिन नंबर पंच केलेला, खोलगट असतो.

मालवण किनाऱ्याची खारी हवा तो पंचही खाते. अशा वेळी हाती ग्राइंडर घेणं हा शुद्ध वेडेपणा. उरलेले आकडेही जातात आणि वर चोरीच्या इंजिनाचा संशय. डिझेलच्या बोळ्याने पुसून, वाळल्यावर खडू घासला की पुसट आकडे वर येतात.

इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नव्हे. ब्लॉक तडकतो, घाटात इंजिन जाम होतं, गाडी उभी ठेवून परवडत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा बदलाची 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला खबर देऊन आरसीत नोंद करायला सांगतं. ती राहून जाते, कारण एका नोंदीसाठी ओरोसच्या आरटीओत खेपा मारायचा कंटाळा. पुढे अपघात होतो, विम्याच्या दाव्यात नंबर जुळत नाही आणि दोष येतो तो शेवटच्या मालकाच्या माथी, ज्याने ते इंजिन कधी बदललंच नव्हतं.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतोच. गाडी तपासणाऱ्यासमोर उभी असतेच, तेव्हा पंच केलेल्या नंबरचा एक फोटो काढून ‘वाहन’ प्रणालीत त्या गाडीच्या नोंदीला जोडावा आणि तफावत दिसली तर कलम 52 ची नोंद त्याच खिडकीवर, त्याच दिवशी करून द्यावी. आधीच्या मालकाच्या काळात झालेल्या बदलाचा दंड नव्या मालकाला लावू नये. नाहीतर नंबर दाखवायला कोणी पुढे येणार नाही.