भयपट निवडताना

दिवाळीत यवतमाळच्या घरोघरी पुण्या-नागपूरहून नातवंडे येतात आणि जेवणे आटोपली की भयपटाची फर्माईश होते. त्या वेळी आजी-आजोबांना आतल्या खोलीत पाठवू नका. चित्रपट निवडताना मात्र त्यांचा विचार करा. अचानक झालेल्या कर्कश आवाजाने नाडीचे ठोके व रक्तदाब क्षणात वाढतो. निरोगी माणूस काही मिनिटांत सावरतो; नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी किंवा रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी ही परीक्षा टाळावी. १९४९ चा ‘महल’ पाहावा. त्यातील भय संथ पावलांनी, गाण्यातून येते. (आमच्या मातोश्रींची पसंती ‘पछाडलेला’ला! भुतांवर त्या मनमुराद हसतात.)

स्मृतिभ्रंश झालेल्यांची गोष्ट निराळी. माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांनी घरच्यांसोबत ‘झपाटलेला’ पाहिला. सारे हसत होते. आजोबा मात्र रात्रभर तात्या विंचूला पलंगाखाली शोधत राहिले. तो नुसता बाहुला आहे, हे मुलाने परोपरीने सांगितले; व्यर्थ. अखेर सुनेने दिवा लावला, स्वतः वाकून पलंगाखाली पाहिले आणि त्यांचा हात धरून बसली. पहाटे त्यांचा डोळा लागला. अशा घरी भयपट त्यांच्या दृष्टीआड, बेताच्या आवाजात लावावा आणि रात्री स्वच्छतागृहापर्यंतचा दिवा चालू ठेवावा.