गोणपाट आणि टाका

व्यवसाय सुटला म्हणजे हाताचा संस्कारही सुटतो काय? निवृत्तीच्या उंबरठ्यावर अनेकांना पडणाऱ्या या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर इटलीचे चित्रकार आल्बेर्तो बुर्री यांच्या जीवनात सापडते.

१९१५ साली जन्मलेले बुर्री मुळात डॉक्टर. १९४० मध्ये पेरूजा विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळाली आणि पाठोपाठ लष्करी डॉक्टर म्हणून युद्धावर जावे लागले. १९४३ मध्ये ट्युनिशियात ते युद्धकैदी झाले. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या छावणीत, कोणत्याही गुरूविना, त्यांनी कुंचला हाती घेतला. प्रारंभी समोरच्या ओसाड मुलखाची साधी चित्रे काढली. १९४६ साली मायदेशी परतल्यावर ते वैद्यकाकडे पुन्हा वळले नाहीत.

हळूहळू निसर्गचित्रे मागे पडली, ओळखीचे आकार लोपले. फाटके, ठिगळ लावलेले, दोऱ्याने शिवलेले गोणपाटच त्यांनी चौकटीवर ताणले. कोणाला त्यांत जखमा आणि टाके दिसले, कोणाला युद्धाचे दैन्य. बुर्री मात्र आपल्याला केवळ आकार आणि अवकाश यांचा तोल साधायचा आहे, एवढेच म्हणत. अनेकान्ताचा संस्कार असलेल्या वाचकाला यात विसंगती वाटणार नाही. कर्त्याची आणि पाहणाऱ्याची, दोन्ही दृष्टी आपापल्या जागी खऱ्या असू शकतात; खोटा असतो तो एकांतिक आग्रह.

१९६८ च्या भूकंपात सिसिलीतील जिबेल्लिना हे गाव उद्ध्वस्त झाले. रहिवाशांसाठी दूरवर नवे गाव वसवण्यात आले आणि तेथील कलाकृतींसाठी कलावंतांना पाचारण केले गेले. बुर्री यांनी नव्या गावाऐवजी जुने अवशेष निवडले. तेथील ढिगारा पांढऱ्या सिमेंटखाली झाकून सुमारे ८०,००० चौरस मीटरचे एक अमूर्त शिल्प साकारले. त्यातील खोल भेगा जुन्या गल्ल्यांची आठवण देतात. त्यांतून माणसाला चालत जाता येते. १९८९ मध्ये हे काम अपुरे थांबले. ते पूर्ण झाले २०१५ मध्ये. बुर्री १९९५ सालीच निवर्तले होते.

जखम पुसता येत नसेल, तर ती स्वच्छ करून जपून झाकावी, हे वैद्याला शिकवावे लागत नाही. दवाखाना कधीच मागे पडला होता. टाका घालणारा हात मात्र अखेरपर्यंत तोच राहिला.