डॉक्टर नाही, नर्स नाही, मग कोण?

बारावीचा निकाल लागला की आमच्या फलटणमध्ये घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. ‘नीट’ला मार्क भरपूर असतील तर एमबीबीएस, थोडे कमी असतील तर बीएएमएस-बीएचएमएस, त्याहून कमी असतील तर नर्सिंग, नाहीतर डी. फार्म. आणि यातलं काहीच जमलं नाही तर? ‘बीएस्सीला टाकू, तोवर स्थळं येतीलच!’ हे वाक्य आई बोलते, आजी बोलते, कधी कधी शेजारीणही बोलते. दवाखान्यात या चार-पाच लोकांखेरीज आणखी कुणी काम करतं, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

आता जरा आठवून बघा. दवाखान्यात पाऊल टाकल्यावर आपली पहिली गाठ कुणाशी पडते? डॉक्टरांशी नाही. खिडकीतून केस पेपर देणाऱ्या माणसाशी. नाव काय, वय काय, गाव कुठलं, पूर्वी आला होतात का? ‘हो, दोन वर्षांपूर्वी आलो होतो’ म्हटलं की उत्तर येतं, ‘जुना कागद आणलाय का?’ आणि आपण कॅरीबॅग उलटी करून शोधायला लागतो. एक्स-रे सापडतो, मेडिकलचं बिल सापडतं, लाईटचं बिलसुद्धा सापडतं. डिस्चार्ज कार्ड तेवढं सापडत नाही.

हे कागद नीट लिहिणं, लावणं, जपणं, हवे तेव्हा काढून देणं आणि त्यातून आकडे उभे करणं, हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे दहा गट आहेत आणि त्यातला शेवटचा आहे आरोग्य माहिती व्यवस्थापनाचा. मेडिकल रेकॉर्ड सांभाळणारे त्यात आले, क्लिनिकल कोडर आले. कोडर म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला जगभर चालणारा एक क्रमांक देणारा माणूस. टाइप टू मधुमेहाला ई-११, साध्या बाळंतपणाला ओ-८०. डॉक्टरचं अक्षर कसंही असो, हा क्रमांक बरोबर पडला की विमा कंपनीपासून जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत सगळ्यांना एकच अर्थ कळतो. चुकला तर आजारी एक आणि उपचाराचे पैसे दुसऱ्याच आजाराचे, असा घोळ.

कॉलेजात वाङ्मय मंडळ असतं, विज्ञान मंडळ असतं, निसर्ग मंडळ असतं, एनएसएस तर १९६९ पासून आहेच. मला वाटतं, आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कॉलेजात आरोग्य माहितीच्या करिअरचंही एक मंडळ निघावं आणि मुलींनी त्यात बेधडक नाव घालावं. ‘मंडळ-बिंडळ नको, अभ्यास कर’ हे घरचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. पण ज्या व्यवसायाचं नावच घरात कुणी ऐकलेलं नाही, त्याची वाट मुलीला दाखवणार कोण? डॉक्टर व्हायचं तर गल्लीत एक डॉक्टर असतो, शिक्षिका व्हायचं तर वर्गात बाई असतातच. इथे मात्र विचारायला माणूसच नाही. मग दहा-बारा जणींनी एकत्र बसून माणसं शोधायची, बोलवायची, विचारायचं. यालाच मंडळ म्हणतात.

गंमत म्हणजे हा व्यवसायच मुळी मंडळातून उभा राहिला. अमेरिकेत रुग्णालयांची कागदपत्रं सांभाळणाऱ्यांचा ‘क्लब ऑफ रेकॉर्ड क्लार्क्स’ नावाचा एक छोटासा गट होता. १९२८ साली बोस्टनमध्ये त्यातूनच त्यांची संघटना निघाली आणि तिच्या पहिल्या अध्यक्षा होत्या ग्रेस व्हायटिंग मायर्स, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ग्रंथपाल. तीच संघटना आज ‘अहिमा’ नावाने जगभर ओळखली जाते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून फायली लावणाऱ्या बायकांनी, आम्ही कारकून नाही, आमचं हे शास्त्र आहे, असं ठणकावून सांगितलं.

पण बोस्टन कशाला, आपल्या गावातच बघा ना! कमला निंबकर बालभवन ही शाळा फलटणमध्ये कुणाला माहीत नाही? डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी नावारूपाला आणलेली ही शाळा. पण ज्यांचं नाव तिला दिलं त्या कमलाबाई कोण, हे विचारलं तर किती जणींना सांगता येईल? अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या. व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, हा शब्दही इथे कुणाला ठाऊक नव्हता त्या काळात त्यांनी १९५० साली मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात त्याचं शिक्षण सुरू केलं. आणि दोनच वर्षांत, १९५२ मध्ये, या व्यवसायातल्यांची अखिल भारतीय संघटनाही उभी केली. दोनच वर्षांत! तेव्हा शिकून बाहेर पडलेल्या मुली त्या किती असणार? पण नुसत्या शिकून मुली टिकणार नाहीत, त्यांना एकमेकींचा आधार लागेल, हे त्यांनी ओळखलं होतं. तो व्यवसायोपचारही २०२१ च्या त्याच राष्ट्रीय कायद्यात आला आहे. सुरुवातीपासून मोजली तर एकाहत्तर वर्षं झाली. नवा व्यवसाय रुजायला एवढा वेळ लागतो, हे घरच्यांनी आणि मुलींनीही समजून असावं.

मुलींनीच का, असं कुणी विचारेल. मुलांनीही यावं, जरूर यावं. पण मला या विषयात बायकांचं हित जास्त दिसतं, कारण कागदांच्या गोंधळात सगळ्यात जास्त हरवते ती बाई. कशी, ते सांगते. लग्न झालं की आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. आधार कार्डावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, दवाखान्यात सासूबाईंनी सांगितलेलं तिसरं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. म्हणजे पहिले सहा-सात महिने तपासणी सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, बाळंतपण माहेरच्या तालुक्याला, आणि बाळाचे पुढचे डोस पुन्हा सासरी. माण तालुक्यातली मुलगी फलटणला दिलेली असेल तर तिच्या एका गरोदरपणाची नोंद तीन ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी पडलेली असते. या सगळ्याला जोडणारा धागा म्हणजे ते एक माता-बाल संरक्षण कार्ड, आणि ते नेमकं निघताना घाईत कपाटात राहतं. रक्त कमी होतं का, बीपी वाढलं होतं का, मागचं सिझर होतं का, हे रात्री दोन वाजता कळायला हवं असतं. अशा वेळी कागद म्हणजे जीव असतो हो!

आपल्याकडे उसाच्या हंगामात बीडहून तोडणीला बायका येतात, त्यांचं तर विचारूच नका. त्यांची नोंद गावाकडे, त्या इथे फडात. बीड जिल्ह्यातल्या या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. इतका मोठा आकडा! तो कळायला पाहणी करावी लागली. दवाखान्यांच्या रजिस्टरांत या शस्त्रक्रिया एकेक करून लिहिल्या गेल्याच असतील, पण त्या वर्षानुवर्षं एकत्र मांडून ‘हे काय चाललंय?’ असं विचारणारं कुणी त्या रजिस्टरांपाशी बसलेलं नव्हतं. ते विचारणं हे या व्यवसायाचं काम.

आणि एक दुखरी गोष्ट. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टर मुलीचा मृत्यू झाला आणि आपल्या गावाचं नाव देशभराच्या बातम्यांत आलं. त्या प्रकरणाचा निवाडा करायची ही जागा नाही. पण वैद्यकीय अहवाल हवे तसे मिळावेत म्हणून दबाव येतो, असे आरोप त्या वेळी पुढे आले आणि ते वाचून कितीतरी आयांनी आपल्या मुलींना सांगितलं असेल, ‘दवाखान्याच्या भानगडीतच पडू नकोस.’ मी उलट म्हणेन. एका कागदाचा भार एकाच सहीवर असतो तेव्हा त्या सहीवाल्या माणसाला वाकवणं सोपं असतं. नोंद कधी झाली, कुणी केली, कुणी बदलली हे दिसणारी पद्धत असेल आणि ती राखणारी शिकलेली चार माणसं असतील, तर ‘जरा बदलून द्या’ म्हणणाऱ्यालाही चारदा विचार करावा लागतो. दबाव त्याने संपेल असं मी म्हणत नाही. पण एकटीवर तो कमी येईल.

आता पैशाचं बोलू, कारण घरात पहिला प्रश्न तोच येणार. सुरुवातीचा पगार थोडा असतो, उगाच स्वप्नं दाखवण्यात अर्थ नाही. सरकारी ठिकाणी बरीचशी कामं कंत्राटी आहेत. रीतसर शिक्षण मणिपाल, वेल्लोर अशा लांबच्या ठिकाणी, आणि खासगी कोडिंगच्या नोकऱ्या बहुतेक चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, फार तर पुण्याला. म्हणजे मुलीला बाहेर ठेवायची तयारी हवी. दुसरं म्हणजे, २००० नंतर मेडिकल ट्रान्सक्रिप्शनची केवढी हवा झाली होती, आठवतंय? गल्लोगल्ली क्लास निघाले होते. डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायचं काम पुढे यंत्रं करू लागली आणि त्या मुलींपैकी अनेकींना दुसरी वाट धरावी लागली. कोडिंगमध्येही यंत्रं शिरली आहेतच. नुसती बोटं चालवणारी मुलगी त्यात टिकणार नाही. आजार म्हणजे काय, शरीर कसं चालतं, कायदा काय म्हणतो, हे समजणारी टिकेल.

म्हणूनच क्लासवाल्यांच्या फ्लेक्सला भुलण्याआधी मंडळ हवं. ‘शंभर टक्के नोकरी’ असं छापलेलं दिसलं की एकटी मुलगी आणि तिचे भाबडे वडील पन्नास-साठ हजार भरून मोकळे होतात. दहा जणी मिळून गेल्या तर विचारतील, मान्यता कुणाची? परीक्षा कोण घेतं? मागच्या वर्षीच्या मुली कुठे लागल्या, त्यांचे फोन नंबर द्या. एवढ्याने निम्मे क्लास गप्प होतील.

मात्र मंडळाच्या नावाखाली काय चालवून घेऊ नये, तेही सांगते. उद्घाटन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो आणि वर्षअखेरीला सर्टिफिकेट, एवढ्यावर भागवायचं असेल तर नको ते मंडळ. एखाद्या दवाखान्याने फुकटात डेटा एंट्री करून घेण्यासाठी मुली बोलावल्या तर प्राध्यापकांनी स्पष्ट नाही म्हणावं. आणि पेशंटच्या खऱ्या फायली विद्यार्थिनींच्या हातात देऊच नयेत, सरावाला नावं काढून टाकलेले नमुने पुरतात. फलटण काही मुंबई नाही. इथे कागदावरचं आडनाव वाचलं की वाडा, गल्ली, सासर-माहेर सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. कुणाची सून कशासाठी आली होती, कुणाला टीबी निघाला, कुणाचा गर्भपात झाला, हे खिडकीतून बाहेर पडलं तर एखादीचं आयुष्य उठतं. गर्भपाताची नोंद गुप्त ठेवायला कायदा सांगतो, एचआयव्हीसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचाही झाला. पण कायद्याच्या आधी जिभेला वळण लागायला हवं. या मंडळात मुली दुसरं काही शिकल्या नाहीत तरी चालेल, हे शिकल्या पाहिजेत.

दुसऱ्या बाजूने, स्वतःचे कागद मागण्याचा हक्क किती जणींना माहीत आहे? वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायची असतात आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यायची असतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला नेमके कोणते कागद लागतात? १४ अंकी ‘आभा’ क्रमांक काढून दिला, पण त्याचं पुढे करायचं काय? असले प्रश्न बचत गटाच्या बैठकीत जाऊन मंडळातल्या मुलींनी सोडवून दाखवावेत. तिथे बसलेल्या चार बायकांना उपयोग होईल, आणि माझी लेक काय शिकते हे आईलाही प्रथमच कळेल.

सुरुवात कधी करायची? कॉलेजं सुरू होतात आणि त्याच सुमारास ज्ञानोबामाउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते. आरोग्य खात्याची पथकं असतात, रांगा लागतात, पायाला फोड, जुलाब, ताप, बीपीच्या संपलेल्या गोळ्या. मराठवाड्याकडच्या एखाद्या आजीला नाव विचारलं तर ती ‘माउली’ म्हणून सांगते, वयाला ‘असंल साठ-सत्तर’ म्हणते आणि गोळी कुठली खाता म्हटलं तर ‘पांढरी, बारकी’. परवानगी काढून पथकाच्या टेबलामागे तासभर उभं राहावं आणि नोंद घेणारा माणूस या उत्तरांमधून रजिस्टरात नेमकं काय लिहितो, ते बघावं.