अंधारही आरोग्यासाठीच

उन्हाळ्यात रात्री उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात. त्यांतील टोकाचा तारा मरीची. त्याच्याजवळच, श्यामशबल तारकासमूहात, 'एम ५१' ही सर्पिल दीर्घिका आहे. ती दोन ते तीन कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज दिसणारा तिचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता.

फ्रेंच खगोलनिरीक्षक चार्ल्स मेसिए यांना ती १७७३ मध्ये सापडली. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची दुर्बिणीतून तिचे भोवऱ्यासारखे फाटे पाहिले आणि डोळ्यांना दिसले तसे कागदावर रेखाटले. दीर्घिकेचा सर्पिल आकार माणसाने प्रथम ओळखला तो असा.

काळोख्या रात्री ही दीर्घिका साध्या द्विनेत्रीतूनही धूसर ठिपक्यासारखी दिसते. शहरात मात्र ती दिसत नाही, कारण दिव्यांनी उजळलेल्या आकाशात तिचा मंद प्रकाश हरवून जातो. शिवाय अंधुक उजेडात पाहण्याचे काम दृष्टिपटलातील दंडपेशी करतात. त्यांना अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढ्यात मोबाइलचा पडदा डोळ्यांसमोर आला, की पुन्हा सुरुवात.

प्रश्न केवळ आकाशप्रेमींचा नाही. दृष्टिपटलावर पडणारा उजेड मेंदूला दिवस-रात्रीची खबर देतो. अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीर झोपेची तयारी करते. रात्री उशिरापर्यंतचा प्रखर, विशेषतः निळसर-पांढरा उजेड या स्रावाला अटकाव करतो. झोप लांबते, शरीराचे घड्याळ बिघडते. खिडकीतून थेट बिछान्यावर येणारा रस्त्यावरचा दिवा म्हणूनच क्षुल्लक बाब नव्हे.

रस्त्यावर उजेड हवाच. अपघात टाळण्यासाठी आणि रात्री कामावरून परतणाऱ्या महिलांसाठी तो अत्यावश्यक आहे. पण तो रस्त्यावर पडावा, आकाशात आणि घरांत नव्हे. दिव्यांना वरून झाकण, पिवळसर रंगाचा प्रकाश आणि मध्यरात्रीनंतर जाहिरातफलक बंद, एवढे पालिकांना सहज करता येईल. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. जंगलासाठी जे जमले, त्यातले थोडे तरी वस्त्यांसाठी व्हायला हवे. पाणी आणि हवेबरोबरच रात्रीचा अंधार हाही सार्वजनिक आरोग्याचा विषय मानला गेला पाहिजे.